विदेशमंत्री नव्हे, परराष्ट्रमंत्री. आणि त्यांचा पूर्वज डबीर

एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘संसदेच्या अधिवेशनाच्या बातमीत “विदेशमंत्र्यांनी तारांकित सवालाचा जवाब दिला” असं वाक्य ऐकलं. मराठीत विदेशमंत्री चालेल का? आणि प्रश्न तारांकित असतो म्हणजे नेमकं काय?’

चालणार नाही. एवढ्याशा वाक्यात तीन जागी हिंदी उतरली आहे. सवाल-जबाब मराठीत जुने आहेत, पण त्यांची जागा तमाशाच्या फडावर. नुसता जबाब पोलीस नोंदवून घेतात. सभागृहात सदस्य प्रश्न विचारतो आणि मंत्री उत्तर देतो. हे शाळकरी मुलालाही कळतं, म्हणून त्यावर थांबत नाही. ‘विदेशमंत्री’वर मात्र थांबायलाच हवं, कारण गेली काही वर्षं ही चूक वाढतच चालली आहे आणि ती ऐकली की कानाला खटकते.

विदेश शब्द मराठीला परका नाही. विदेशी मालावर बहिष्कार आपण घातला, विदेशी मद्याची परवाना-पाटी आपण रोज वाचतो. पण विदेश म्हणजे नुसता दुसरा मुलूख: तिथली माती, तिथला माल, तिथली माणसं. परराष्ट्र म्हणजे समोर उभी असलेली दुसरी राज्यसत्ता. लोकसभेत या मंत्र्यांना काय विचारतात ते बघा. पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या पालघरच्या मच्छीमारांच्या सुटकेसाठी काय केलं, आखाती देशात कामगारांचे पासपोर्ट मालकाने काढून घेतले तर आपला दूतावास काय करतो, अमुक करारावर सही कधी होणार. प्रत्येक प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला एक सरकार आहे. त्या सरकारशी ज्याने बोलायचं तो परराष्ट्रमंत्री.

यशवंतराव चव्हाणांची दिल्लीतली कारकीर्द सांगताना मराठी माणूस आपसूक म्हणतो: १९६२ साली संरक्षणमंत्री, १९६६ साली गृहमंत्री, १९७० साली अर्थमंत्री, १९७४ साली परराष्ट्रमंत्री. घरचं आणि बाहेरचं, दोन्ही खात्यांबद्दल त्यांनी संसदेला उत्तरं दिली. त्यांना ‘विदेशमंत्री’ म्हणून बघा, जीभ अडखळते. आणि हा केवळ मराठीचा हट्ट नाही. नेपाळमध्ये परराष्ट्र मंत्रालयच आहे, बांगलादेशातल्या बंगालीतही परराष्ट्रमंत्रीच म्हणतात. हिंदीने विदेश घेतला, तो तिला लखलाभ असो. आपल्याकडे परदेश, परगाव, परप्रांत, परमुलूख, परचक्र अशी ‘पर’ची भरली वखार असताना उसनवारी कशासाठी?

यावर काही विद्वान म्हणतात की ‘पर’ म्हणजे शत्रू (परंतप म्हणजे शत्रूला ताप देणारा), म्हणून ‘परराष्ट्र’ला वैराचा वास येतो आणि शेजाऱ्यांशी मैत्री करायची तर सौम्य ‘विदेश’ बरा. हे म्हणणं मला मुळीच मान्य नाही. ‘पर’चा पहिला अर्थ पलीकडचा, दुसरा. शत्रू हा त्याचा एक अर्थ, तोही संदर्भाने येणारा. परोपकार काय शत्रूवर करतात? याज्ञवल्क्यस्मृतीच्या राजधर्मात स्वराष्ट्र आणि परराष्ट्र ही जोडी शेजारी शेजारी येते. तिथे परराष्ट्र ताब्यात घेण्याची गोष्ट आहे हे खरं, पण लगेच पुढच्याच श्लोकात सांगितलं आहे की त्या देशातला आचार, व्यवहार, कुलांची रीत जशी असेल तशीच पाळावी. म्हणजे ‘परराष्ट्र’ शब्दाला पहिल्यापासून धोरणाची सोबत आहे. वैराचा वास शब्दाला नाही, हुंगणाऱ्याच्या नाकात आहे.

आता जे सांगायला मी हा सगळा पसारा मांडला ते सांगतो.

मराठी राज्यात या खात्याला स्वतंत्र प्रधान होता. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांची कामं वाटून दिली गेली. त्यांत परराज्यांचा विचार करणं, त्यांचे वकील आले की त्यांचा सत्कार करणं हे काम सुमंतांकडे होतं. परराज्य, इथेही ‘पर’च. गंमत अशी की त्याच यादीत ‘मंत्री’ हे एकाच प्रधानाचं नाव होतं, आणि मंत्रविचार व राजकारण यांच्याबरोबर आमंत्रण-निमंत्रणही त्याच्याकडे. मंत्री, मंत्र, आमंत्रण, निमंत्रण हे चारही शब्द एकाच मंत्र् धातूचे, आणि कामही एकाच माणसाचं! आज सगळेच मंत्री झाले आणि तो नेमकेपणा गेला.

सुमंत हे नाव नवं. त्याआधी या पदाला म्हणत डबीर. सोनोपंत डबीर शहाजीराजांच्या काळापासून भोसल्यांच्या पदरी होते, आणि पहिले सुमंत रामचंद्र त्रिंबक याच डबीर घराण्यातले. आज डबीर आडनावाची माणसं महाराष्ट्रात पुष्कळ भेटतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की आपण जगातल्या सर्वांत जुन्या पदनामांपैकी एक आडनाव म्हणून लावतो.

डबीर हा फारसी दबीर. अर्थ लेखक, चिटणीस. द चा ड मराठीत सहज होतो. दंशापासून डसणे झालं तसाच. दबीरच्या पोटात आहे जुन्या फारसीतला ‘दिपि’, म्हणजे लेख. इराणच्या दारयवहू (डेरियस) राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर जो प्रचंड शिलालेख कोरवला त्यात तो स्वतःच्या त्या लेखाला दिपि म्हणतो. आता आपल्याकडे या. सम्राट अशोकाचा गिरनारचा लेख स्वतःला ‘धंमलिपी’ म्हणवतो. तोच मजकूर वायव्य सरहद्दीवर शाहबाजगढीला कोरला आहे, तिथे शब्द आहे ‘ध्रमदिपि’. एकच राजा, एकच आज्ञा. पश्चिमेला लिपी आणि इराणच्या वेशीवर दिपि. दिपि म्हणजेच लिपी!

इथे काही पंडित अडून बसतात. त्यांच्या मते लिपी ही लिप् धातूपासूनच आली. शाई लिंपतात ती लिपी. ऐकायला गोड आहे. पण लिप् पासून निघालेल्या शब्दाच्या तोंडी शाहबाजगढीला द कुठून आला, याचं उत्तर त्यांनी द्यावं. पाणिनीच्या एकाच सूत्रात लिपि आणि लिबि अशी दोन्ही रूपं दिली आहेत. घरच्या धातूतून सरळ निघालेल्या शब्दाचा उच्चार असा डळमळत नाही. बाहेरून आलेल्याचा डळमळतो. लिप् चा संबंध लोकांनी मागाहून लावला, इतकाच त्याचा अर्थ.

आणि हा दिपि तरी इराणचा कुठे? इराण-इराकच्या जुन्या भाषांत शिरा: त्याच्या मागे एलामी ‘तुप्पि’, त्याच्या मागे अक्कदी ‘तुप्पु’, आणि सगळ्यांच्या तळाशी सुमेरी ‘दुब’, ओल्या मातीची, बोरूने टोचून लिहिलेली पाटी. दिवाण हाही बहुतेक अभ्यासकांच्या मते याच कुळातला, लेख ठेवायच्या जागेवरून निघालेला. म्हणजे डबीर, लिपी, दिवाणखाना आणि दिवाणी दावा हे एका मातीच्या पाटीचे वंशज आहेत. (दफ्तर मात्र यात ओढू नका. ते ग्रीकांच्या कातड्यावरून आलं. टॅब्लेट आणि टेबलही नकोत. ते लॅटिन फळीचे. उच्चार जुळला की नातं जुळवायचं, हा उद्योग शब्दचर्चेत फार बोकाळला आहे.)

पण मला खरा आनंद दिला तो वलभीच्या ताम्रपटांनी. सौराष्ट्रात वलभीला मैत्रकांचं राज्य होतं. त्यांच्या ७व्या शतकाच्या आसपासच्या दानपत्रांच्या शेवटी लिहिणाऱ्याचं पद येतं: ‘संधिविग्रहाधिकृत दिविरपती’. दिविर म्हणजे तोच दबीर, संस्कृतात येऊन स्थिरावलेला. काश्मीरच्या संस्कृत ग्रंथांतही दिविर जागोजागी भेटतो. आणि संधिविग्रहाधिकृत म्हणजे तह आणि युद्ध ज्याच्याकडे आहे तो. म्हणजे परराष्ट्रमंत्री! शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या सुमारे हजार वर्षं आधी, इथेच शेजारी, एकाच माणसाच्या हाती लेखणीही होती आणि परराष्ट्र खातंही, आणि त्याच्या पदात डबीर शब्दही होता.

माझं मत असं, आणि ते मी ठामपणे मांडतो: हा योगायोग नाही. परराष्ट्र खातं हे मुळातच लेखणीचं खातं आहे. सेनापतीला तलवार लागते, अमात्याला हिशेब लागतो. परराज्याशी जे घडतं ते कागदावरच घडतं. पत्र, तहनामा, कलम, शिक्का. त्यातला एक शब्द चुकला तर किल्ले जातात. म्हणून राजाचा सर्वांत विश्वासू लिहिणारा तोच परराष्ट्राचा प्रधान झाला. याला आधार हवा तर याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत आहे: राजशासन लिहायचं ते संधिविग्रह करणाऱ्यानेच, असं विज्ञानेश्वर सांगतात, आणि विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होते, म्हणजे दख्खनचेच. वलभीला जे दिसतं तेच दख्खनला, तेच रायगडावर. तीन ठिकाणी तीच जोडी दिसली तर तिला नियम म्हणावं.

यावरून भाषाशुद्धीवाल्यांशीही माझं भांडण आहे. डबीर फारसी, म्हणून परका, म्हणून सुमंत आणला ते योग्यच, असं ते अभिमानाने सांगतात. स्वराज्याला स्वतःची भाषा असावी हा राजांचा आग्रह थोरच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण दिविर राज्याभिषेकाच्या हजार वर्षं आधीच संस्कृत ताम्रपटांत नांदत होता हे या मंडळींनी निदान वाचावं. फारसीतून आला तो त्याचा दुसरा फेरा होता; पहिल्या फेऱ्यात तो इथला झालाच होता. आणि परकेपणाच्या कसोटीवर डबीराला बाहेर काढायचं तर लिपीलाही काढावं लागेल. मग शुद्धीची पत्रकं कशात लिहिणार?

आता पत्रातला दुसरा प्रश्न: तारांकित. सदस्याला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायला हवं असेल तर तो प्रश्नावर चांदणीची खूण करतो. त्या खुणेने अंकित झालेला तो तारांकित. इंग्रजीतला ॲस्टेरिस्क म्हणजेही ग्रीकात ‘छोटा तारा’च, आणि तो तारा, आपला तारा आणि फारसी सितारा हे सख्खे भाऊ आहेत. लोकसभेच्या यादीत दिवसाला असे २० प्रश्न असतात. तोंडी उत्तरावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, आणि मंत्र्याची खरी परीक्षा तिथेच होते. चांदणी नसलेले ते अतारांकित, दिवसाला २३०. त्यांचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं, त्यावर पुरवणी प्रश्न नाही. प्रश्नोत्तराच्या तासात वीसही तारांकित प्रश्न क्वचितच पुरे होतात. उरलेल्यांची उत्तरं लेखीच धरली जातात. म्हणजे आजही परराष्ट्रमंत्री बोलतो त्यापेक्षा कितीतरी जास्त लिहून देतो, डबीरासारखाच.

आपल्या विधिमंडळाने या प्रश्नोत्तरांची जी भाषा घडवली आहे तिचं मला कौतुक आहे. ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’, आणि उत्तरात ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. सरकारी मराठीला नावं ठेवणाऱ्यांनी ही वाक्यं एकदा मोठ्याने वाचावीत. एक अक्षर इकडचं तिकडे करता येत नाही, आणि कुठल्याही दुसऱ्या भाषेचं बोट धरलेलं नाही. मुंबई-नागपूरच्या सभागृहांत इतकं नेमकं मराठी रोज वापरात असताना दिल्लीची बातमी देणाऱ्याला ‘विदेशमंत्री’ आणि ‘जवाब’ सुचावेत याचा राग येतो तो म्हणूनच.

लिहिण्याबद्दलही सांगून टाकतो, कारण त्यातही चुका होतात. परराष्ट्रमंत्री हा सामासिक शब्द आहे, जोडून लिहा. आणि मूळ शब्द मंत्रिन् असल्यामुळे समासात तो आधी आला की त्रि ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, मंत्रिपरिषद, मंत्रिपद. एकटा असला किंवा शेवटी आला की दीर्घ: मंत्री, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री. ‘मंत्रीमंडळ’ असं छापणारी वर्तमानपत्रं रोज दारात पडतात. त्यांचं पाहून लिहू नका.