चीनमधल्या घरच्या धंद्यात बदल नेमका कोण घडवतं?

तुमचा प्रश्न असा, की चीनमधल्या कौटुंबिक कंपन्या बदलतात त्या नेतृत्वामुळे की बाजाराच्या रेट्यामुळे. माझ्या मते रेटा बाजाराचाच असतो, पण बदल तडीस जातो की नाही हे मालकाच्या हातात असतं. त्यातही, तो आपल्या नातलगांना आणि जुन्या विश्वासू माणसांना कुठे बसवतो, यावर बहुतेक सगळं अडतं किंवा सुटतं.

१९७८नंतर आर्थिक सुधारणा आल्या आणि खेड्यापाड्यांतून हजारो कारखाने उभे राहिले. ते काढणारे लोक आता म्हातारे झालेत. एक-अपत्य धोरणामुळे अनेकांना वारस एकच, आणि त्यालाही धंद्यात रस असेलच असं नाही.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते झेजियांग प्रांतातल्या फोटिल कंपनीचं उदाहरण. माओ लीशियांग यांचा निंगबोजवळ छिशीला गॅसचे लायटर बनवायचा कारखाना होता. धंदा जोरात होता. मग आजूबाजूला तसेच कारखाने निघाले आणि भाव कोसळले. मुलगा माओ चोंगछून शांघायहून तांत्रिक विषयातली पदव्युत्तर पदवी घेऊन परतला होता. वडिलांनी त्याला कारखान्यात बोलावलं, तेव्हा त्याने अटी घातल्या: जुन्या कारखान्यातली माणसं नव्या कंपनीत आणायची नाहीत, कंपनी गावातून औद्योगिक वसाहतीत हलवायची आणि मोठे निर्णय मी घेणार. वडिलांचा कल मायक्रोवेव्हकडे होता, मुलाला स्वयंपाकघरातली चिमणी बनवायची होती. चिनी स्वयंपाकात कढईतून धूर केवढा निघतो! शेवटी मुलाचं चाललं आणि १९९६ साली फोटिल सुरू झाली.

वडिलांनी या अटी मान्य केल्या, हा मला खरा नेतृत्वाचा क्षण वाटतो. ज्यांच्या जिवावर धंदा उभा राहिला, त्या माणसांना नव्या कंपनीपासून लांब ठेवणं आपल्याकडेही किती जणांना जमेल? त्यांनी सूत्रंही एकदम सोपवली नाहीत. पहिली तीन वर्षं उत्पादन विकसित करण्याचे अधिकार दिले, पुढची तीन विक्रीचे आणि शेवटची तीन व्यवस्थापनाचे. शिवाय आई, वडील आणि मुलगा सोडून कुणी नातलग मधल्या-वरच्या पदावर नको, असा नियम केला. मुलीला वेगळा धंदा काढून दिला, कारण भावंडांचे पैसे एकाच खिशात असले की पुढे भांडण ठरलेलं, असं ते सांगत.

मुलाने पुढे आपला ठसा उमटवला. २००८पासून कंपनीत कन्फ्यूशियसचे ग्रंथ वाचायचा पायंडा पाडला, आणि २०१०मध्ये दोन वर्षं नोकरी झालेल्या कर्मचाऱ्यांना एक पैसा न गुंतवता नफ्यात वाटा द्यायला सुरुवात केली. सकाळच्या वाचनाने माणूस किती बदलतो याबद्दल मी साशंक आहे. नफ्यातल्या वाट्याने बदलतो, हे मात्र मला पटतं.

दुसरी वाट घरगुती उपकरणं बनवणाऱ्या मिडिया (Midea) कंपनीची. १९६८ साली ह श्यांगच्यान यांनी ग्वांगदोंग प्रांतातल्या शुंदमध्ये २३ जणांना घेऊन ५,००० युआनवर बाटल्यांची झाकणं बनवायला सुरुवात केली. १९९७ला त्यांनी कारभार उत्पादनांप्रमाणे विभागून प्रत्येक विभागप्रमुखाला अधिकार आणि जबाबदारी दिली. २०१२ला अध्यक्षपद मुलाला न देता फांग होंगबो या १९९२पासूनच्या नोकरदाराला दिलं. मालकी घरातच राहिली. पुढे फांग यांच्या काळात जर्मनीची रोबो बनवणारी कूका कंपनी मिडियाच्या ताब्यात आली. (याच मिडियाचा एक कारखाना आपल्या सुपे एमआयडीसीत आहे.) १९९७चा बदल झाला नसता, तर २०१२ला अध्यक्षपद पेलू शकेल असा माणूस तयारच झाला नसता, असं मला वाटतं.

तुम्ही यावर प्रकल्प करणार असाल, तर मालकांची भाषणं वाचत बसू नका. खरेदी, नेमणुका आणि पैशाच्या कागदांवर सही कुणाची चालते आणि ती कुठल्या वर्षी बदलली, ते आधी शोधा.