मराठीत सायन्स फिक्शन आणि फँटसी वाचायचीय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की हॅरी पॉटर दोनदा वाचून झालं, अंतराळाचे पिक्चर सगळे बघून झाले, आता मराठीत असलं काही वाचायचंय, पण दुकानात 'फँटसी' म्हटल्यावर दुकानदाराने पौराणिक कादंबऱ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. हसू आलं, कारण वीस वर्षांपूर्वी माझंही सेम झालं होतं. मी नाशकात अंबडला सीएनसी मशीनवर काम करतो, साहित्याचा प्राध्यापक वगैरे नाही, पण वर्गणी भरून पुस्तकं बदलायची सवय शाळेपासूनची आहे, तर त्या जोरावर सांगतो.

पहिली गोष्ट, फँटसी हा शब्द विसरा. मराठीत ती आहे, भरपूर आहे, फक्त त्या नावाच्या कपाटात नाहीये. थोडी बालसाहित्यात असते, थोडी गूढकथा-भयकथांमध्ये, आणि सगळ्यात भारी माल 'गंभीर साहित्य' म्हणून वरच्या फळीवर धूळ खात पडलेला असतो. विज्ञानकथा त्या मानाने लवकर सापडते, कारण जयंत नारळीकर म्हटलं की कोणीही काढून देतं.

तर नारळीकरांपासूनच सुरू करा, पण कादंबरी नको, आधी कथा. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही एकच कथा कुठूनही मिळवा. सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती धडा म्हणून होती, म्हणजे अर्ध्या पोरांनी ती मार्कांसाठी वाचली आणि विसरून गेली. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे ती गोळी कानाजवळून निघून जाते, बस एवढंच, आणि पुढचा सगळा हिंदुस्तान बदलतो. त्यात मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या बदललेल्या जगात जाऊन काय करतात, तर लायब्ररीत जाऊन बसतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढून चाळतात, नेमकं कुठे वळण बदललं ते शोधायला! दुसरा कोणी असता तर पेशव्यांना भेटायला धावला असता.

मग 'यक्षांची देणगी' हा संग्रह घ्या. त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचा, क्रिकेट आवडत असेल तर आधी तीच. 'कृष्णविवर' ही त्यांची सुरुवातीची कथा, आणि तिची जन्मकथा कथेइतकीच मजेदार आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. पहिला नंबर आला. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण नावावर बक्षीस नको म्हणून ही उठाठेव. 2021 च्या डिसेंबरात आपल्या नाशकात आडगावला 94 वं साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष तेच होते, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. मी रविवारी गेलो होतो, अध्यक्ष नाहीत तर नाहीत म्हणून पुस्तकांच्या स्टॉलवरून 'यक्षांची देणगी'ची नवी कॉपी घेऊन आलो, जुनी कोणीतरी नेली ती परत आलीच नव्हती. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्या रात्री सेकंड शिफ्टहून आल्यावर तीच काढून बसलो.

कादंबरीच हवी असेल तर 'वामन परत न आला'. यंत्र शहाणं झालं तर काय, हा विषय आहे, आणि ती एआयच्या या गोंधळाच्या कितीतरी आधीची आहे. भाषा थोडी साधी, सरळ वाटेल, पात्रं कधीकधी लेक्चर देतात, ते चालवून घ्यायचं.

नारळीकर झाले की लक्ष्मण लोंढे, 'दुसरा आईनस्टाईन' ही कथा. सुबोध जावडेकर वाचा, निरंजन घाटे वाचा, बाळ फोंडके वाचा, यांच्यावर जास्त लिहीत नाही, एकेक कथा वाचून कोण जमतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

घरात लहान भाऊ-बहीण असेल तर भा. रा. भागवत. फास्टर फेणेवाले म्हणून सगळे ओळखतात पण त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो बघा, 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नावावरच मी आठवीत फिदा झालो होतो. धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणणारा माणूस भाषांतर करत नाही, शेजारी बसून गोष्ट सांगतो.

आता फँटसी. इथे मी एक घोळ घातलेला आहे तो आधी सांगतो. भाच्याला हॅरी पॉटर आवडतं म्हणून मी उत्साहात त्याला थेट जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' दिलं. दोनच दीर्घकथा आहेत त्यात, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', कुठल्या देशातल्या, कुठल्या काळातल्या ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पोरगं वीस पानांत परत घेऊन आलं, म्हणे मामा यात पुढे काही होत नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. जीएंमध्ये जादूगार जिंकत नाही, माणूस हरतो, आणि ते वाचायला थोडं आयुष्य झालेलं लागतं. तुम्ही 'काजळमाया'तली 'विदूषक' वाचून बघा, जमली तर मग 'रमलखुणा'. नाही जमली तर पाच वर्षांनी.

त्याच्या आधी भयकथावाले नारायण धारप. रात्री एकट्याने वाचू नका हे सगळे सांगतात, मी सांगतो रात्रीच वाचा. 'तुंबाड' बघितला असेलच, त्यातल्या म्हातारीमागे धारपांची एक कथा आहे. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी इंग्रजीवरून घेतलेली आहे हे मलाही माहितीय, कमेंटमध्ये ते सांगायला येऊ नका, मराठी गावात ते भूत किती चपखल बसवलंय ते बघा.

आणि नाशिककर म्हणून एक आगाऊपणा, कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तलं 'पृथ्वीचे प्रेमगीत' परत एकदा काढा. शाळेत प्रेमकविता म्हणून शिकवतात, पण पृथ्वी सूर्याशी बोलतेय हो, बाकीचे ग्रहतारे तिच्यामागे लागलेत आणि ती त्यांना नाकारतेय! याला फँटसी नाही तर काय म्हणायचं?

पुस्तकं कुठे मिळतील विचारलंय, तर विकत घेण्याआधी सावानाची, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, वर्गणी भरा, 1840 पासूनची लायब्ररी आहे, जुने संग्रह तिथे मिळतात. फक्त धारपांचं कुठलंही पुस्तक कुठूनही घेताना शेवटची पानं मोजून घ्या. सिडकोत आमच्या गल्लीत एक छोटी लायब्ररी होती, तिथून आणलेल्या पुस्तकाची शेवटची आठ पानं गायब होती आणि जिथे पान फाटलं होतं तिथे कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'तो वाचतो, पण ती नाही.' खरं की खोटं ते कळायला मला तीन वर्षं लागली. खोटं निघालं.