जुन्या साड्यांची गोधडी हाताने शिवावी की मशीनवर?

आपण विचारले आहे की आईच्या जुन्या सुती साड्यांची डबल बेडची गोधडी करायची आहे आणि घरात शिलाई मशीन आहे, तेव्हा हाताने दोरे घालत बसण्यात काही अर्थ आहे का, आणि मशीनची गोधडी जास्त टिकते हे खरे का. मी नागपुरात दोन्ही पद्धतींनी गोधड्या शिवते. माझ्या मते हा निर्णय आपल्या सवडीवर किंवा हौसेवर न ठेवता त्या साड्यांच्या कापडात किती जीव उरला आहे त्यावर ठेवावा.

मशीनचा टाका मजबूत असतो, यात शंका नाही. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकतात, त्यामुळे एके ठिकाणी दोरा तुटला तरी पूर्ण ओळ लगेच उसवत नाही. हातच्या धावटाक्यात एकच दोरा खाली-वर जातो आणि तो तुटला की ओढ बसेल तसा सरकत जातो. परंतु जुन्या कापडाची गोधडी बहुतेक वेळा दोरा तुटल्यामुळे जात नाही, कापड फाटल्यामुळे जाते. मशीनवर टाका मोठा ठेवला तरी इंचाला सात-आठ भोके पडतात आणि त्या सरळ ओळीत कापड घट्ट आवळले जाते. वर्षानुवर्षे धुऊन झिजलेल्या सुताला ते सोसत नाही. माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या एका गोधडीत हे स्पष्ट दिसत होते: पॉलिस्टरचा दोरा नव्यासारखा शाबूत होता आणि त्याच्या दोन्ही अंगांनी साडी टपालाच्या तिकिटासारखी भोकाभोकांवरून सरळ फाटत गेली होती. तशा ठिकाणी ठिगळ लावणेही कठीण होते, कारण नवा टाका धरून ठेवील असे कापड जवळपास शिल्लक नसते.

म्हणून आधी प्रत्येक साडी खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहावी. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या भागात ती सर्वांत आधी विरते. काठ आणि पदर बहुधा चांगले निघतात. दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून ताणावे. सूत सरकून जाळी दिसली किंवा करकर आवाज आला, तर तो भाग मधल्या थरात घालावा आणि दोरे हातानेच घालावेत. हातचा टाका विरळ असतो, त्याचा ताण आपल्या बोटांना कळतो, आणि गोधडी अंगावर मऊ पडते. दोरा मात्र सुती घ्यावा, कारण दोरा कापडापेक्षा चिवट असला तर तो कापडालाच कापतो. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नये, नाहीतर तो ओढून ओढून पिंजतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजातील स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना कडेपासून सुरुवात करून आत आत येत जातात. जमिनीवर कापड पसरून, तळहाताने सपाट करत पुढे सरकण्याची ही रीत कोणतीही चौकट नसलेल्या घरासाठी मला फार सोयीची वाटते.

साड्या धडधाकट असतील, किंवा गोधडी लहान मुलासाठी असून वारंवार धुवावी लागणार असेल, तर मशीन खुशाल वापरावी. खालचे दाते खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा थर फूटखाली मागे राहतो, त्यामुळे चुण्या पडतात. हे टाळायचे तर आधी सर्व थरांना वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत आणि शक्य असल्यास वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा फूट, लावावा. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा, सुई नव्वद किंवा शंभर नंबरची. शिवण मध्यापासून बाहेरच्या बाजूस न्यावी. डबल बेडच्या गोधडीची खरी अडचण वेगळीच आहे: घरगुती मशीनच्या सुईच्या उजवीकडे जेमतेम सहा-सात इंच जागा असते आणि निम्मी गोधडी गुंडाळून त्यातून न्यावी लागते. तिचे वजन हाताने तोलून धरले नाही तर टाके लहान-मोठे होतात, प्रसंगी सुईसुद्धा मोडते.

कापूस भरावा का, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी दहाच्या खाली जातो खरा, पण वर्षातले बाकीचे महिने पाहता साड्यांचे तीन-चार थर पुरतात. सुटा कापूस भरला तर दाट शिवण लागते, नाहीतर धुतल्यावर त्याचे गोळे होतात, आणि पावसाळ्यात अशी जाड गोधडी नीट वाळत नाही.

आपल्या बाबतीत मी असे करीन: साड्यांचे चांगले तुकडे मशीनवर जोडून वरचा आणि खालचा थर तयार करीन, कारण जोडाच्या शिवणीला बळकटी हवीच असते, आणि तिन्ही थर एकत्र धरणारे दोरे हाताने घालीन. अस्तराला नवा मांजरपाट घेणार असाल तर तो शिवण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढून कडक वाळवावा. तो पहिल्या धुण्यात आटतो, साड्या मात्र आधीच आटून गेलेल्या असतात, आणि मग पूर्ण गोधडीला सुरकुत्या पडतात.