किल्ली खिशातच ठेवून सुरू होणारी स्पोर्ट्स कार चोरांपासून कशी वाचवायची?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये वूल्वरहॅम्प्टनला राहता, बरेच दिवस पैसे साठवून वापरलेली टोयोटा जीआर यारिस घेतली, गाडी रात्री घरासमोरच्या ड्राइव्हवेत असते आणि विकणाऱ्याने सांगितलं की किल्ली फॅरेडे पाउचमध्ये (रेडिओ संदेश अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पिशवीत) ठेवली की काम झालं. तेवढं पुरेसं आहे का, आणि नसेल तर घोस्ट (पिनशिवाय गाडी निघू न देणारं यंत्र) बसवावा की ट्रॅकर, असा तुमचा प्रश्न आहे.

पाउच घ्याच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मी वेस्ट मिडलंड्समध्ये गाड्यांना इमोबिलायझर (गाडी निघू न देणारी यंत्रं, घोस्ट त्यातलाच) आणि ट्रॅकर बसवायचं काम करतो. गाडी गेल्यावर येणारे कितीतरी लोक एकच वाक्य बोलतात, "पण किल्ली तर पाउचमध्येच होती!" खोटं बोलत नसतात ते. किल्ली खरंच पाउचमध्ये होती. चोराला किल्लीची गरजच पडली नाही.

आधी किल्लीचीच गोष्ट घेऊ. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता तेव्हा गाडी 125 ते 134 किलोहर्ट्‌झच्या आसपासचा एक क्षीण संदेश सोडते. तो मीटर-दीड मीटरच्या पुढे जात नाही, त्यामुळे किल्ली जवळ असेल तरच तिला तो ऐकू येतो. किल्ली उत्तर देते ते मात्र 433 मेगाहर्ट्‌झवर, आणि ते लांबवर पोचतं. चोर जोडीने येतात. एक जण मोठा अँटेना घेऊन तुमच्या पुढच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीचा क्षीण संदेश पहिल्यापर्यंत पोचवायचा आणि त्याने तो भिंतीपलीकडे हॉलमध्ये टांगलेल्या किल्लीला ऐकवायचा, एवढंच काम. यात सांकेतिक भाषा कोणी फोडत नाही. बंद पाकीट न उघडता इकडून तिकडे नेणाऱ्या पोस्टमनसारखा हा प्रकार आहे, म्हणून एन्क्रिप्शन कितीही भक्कम असलं तरी उपयोग नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली होती आणि दहाही या युक्तीने उघडली. आपल्या भागातलंच उदाहरण हवं असेल तर 2017 मध्ये सॉलिहलच्या एल्मडनमधून एक मर्सिडीज अशी नेली गेली. वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी त्याचं सीसीटीव्ही चित्रण जाहीर केलं, ते जगभर पाहिलं गेलं. आणि एकदा इंजिन चालू झालं की किल्ली दूर गेली तरी गाडी बंद पडत नाही. भर रस्त्यात किल्लीची बॅटरी संपली तर इंजिन थांबू नये म्हणून ती तशी बनवलेली असते. चोराच्या ते पथ्यावर पडतं.

यावर पाउच चालतो, पण तो तपासावा लागतो. किल्ली पाउचमध्ये घालून, पाउच हातात धरून थेट गाडीच्या दाराला टेकवा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाउच फेकून द्या. आतलं धातूचं अस्तर घडीच्या जागी चिरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून दर महिन्याला पुन्हा पाहा. दुसरी, कपाटातली किल्लीसुद्धा पाउचमध्ये हवी. निम्मे लोक तीच विसरतात.

टोयोटाच्या किल्लीत आणखी एक सोय आहे, ती फुकट आहे आणि विकणारा सहसा सांगत नाही. लॉकचं बटण दाबून धरा आणि अनलॉकचं बटण दोनदा दाबा. किल्लीवरचा बारीक दिवा चारदा लुकलुकला की किल्ली झोपली. कंपनीने हे बॅटरी वाचवायला दिलंय, पण झोपलेली किल्ली गाडीच्या हाकेला उत्तर देत नाही आणि आपल्याला तेच हवंय. सकाळी कुठलंही बटण दाबलं की ती जागी होते, म्हणजे हे रोज रात्री नव्याने करावं लागतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ही कृती आहे का ते बघून घ्या, मग किल्ली खिशात ठेवून दार उघडतंय का ते पाहा. इतर कंपन्यांनीही वाटा काढल्या आहेत. फोर्डने 2019 मध्ये फिएस्टा आणि फोकसच्या किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला. किल्ली 40 सेकंद हलली नाही की ती झोपते. अल्ट्रा वाइडबँडच्या किल्ल्या याहून चांगल्या. त्या संदेशाला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे मध्ये कोणी संदेश वाहून नेत असेल तर वाढलेलं अंतर लपत नाही. पुढची गाडी घेताना हे नक्की विचारा.

आता ज्या चोरीपुढे पाउच निरुपयोगी आहे ती. 2022 मध्ये लंडनमध्ये इयन टेबर यांची टोयोटा आरएव्ही4 चोरीला गेली. चोराचं दुर्दैव असं की हे गृहस्थ स्वतः गाड्यांच्या सायबर सुरक्षेत काम करणारे. गाडी जाण्याआधीच त्यांच्या लक्षात आलं होतं की कोणीतरी पुढचा बंपर ओढून सैल केलाय आणि हेडलाइटचा कनेक्टर काढून ठेवलाय. तेव्हा वाटलं, उनाड पोरांची तोडफोड असेल. नंतर त्यांनी गाड्यांमधल्या संगणक-जाळ्याचे तज्ज्ञ केन टिंडेल यांच्यासोबत शोध घेतला आणि चोर वापरतात ते यंत्र विकत आणून उघडलं. बाहेरून जेबीएलचा ब्लूटूथ स्पीकर, आत वेगळंच सर्किट, आणि 'प्ले'च्या बटणालाच त्याची वायर जोडलेली. रस्त्यात पोलिसाने हटकलं तरी हातात स्पीकरच दिसणार.

हे चालतं कसं? गाडीतले सगळे छोटे संगणक कॅन बस नावाच्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात, आणि त्या तारा हेडलाइटपर्यंत गेलेल्या असतात. चोर चाकाच्या वरच्या भागातून किंवा बंपरमागून त्या तारांना यंत्र जोडतो आणि किल्ली तपासणाऱ्या संगणकाच्या नावाने निरोप सोडतो: किल्ली बरोबर आहे. आतले बाकीचे संगणक या निरोपावर विश्वास ठेवतात, कारण घरातल्या माणसावर संशय घ्यायला त्यांना शिकवलेलंच नसतं. दार उघडतं, इंजिन चालू होतं. टिंडेल यांनी हे सगळं एप्रिल 2023 मध्ये प्रसिद्ध केलं. तुमच्या मॉडेलवर हेच यंत्र चालतं असं मी म्हणत नाही. पण सकाळी बंपर एका बाजूने सैल दिसला किंवा चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर लोंबताना दिसलं, तर 'कोणीतरी पार्किंगमध्ये ठोकलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. त्या रात्री गाडी दुसरीकडे लावा.

तिसरी वाट स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटची, म्हणजे गॅरेजवाले गाडी तपासायला यंत्र जोडतात त्या जागेची. काच फोडून आत यायचं, किल्ली नोंदवणारं यंत्र (प्रोग्रॅमर) लावायचं आणि कोरी किल्ली गाडीला ओळखीची करून द्यायची. या सॉकेटवर बसणारी कुलूपबंद पेटी मिळते, ती लावा.

तर तुमच्या घोस्ट की ट्रॅकर या प्रश्नाकडे येतो. दोन्हींची कामं वेगळी आहेत. घोस्ट गाडी जाऊ देत नाही, ट्रॅकर गेलेली गाडी शोधतो. पैसे एकाचेच असतील तर आधी घोस्ट घ्या. मी तो बसवतो म्हणून सांगत नाही. तुम्ही कोणाकडूनही बसवा. ऑटोवॉच घोस्ट किंवा तशा कुठल्याही दुसऱ्या इमोबिलायझरचा मुद्दा एकच: किल्ली खरी असो वा खोटी, स्टिअरिंगवरची आणि दारावरची बटणं तुम्ही ठरवलेल्या क्रमाने (हा क्रम म्हणजेच पिन) दाबल्याशिवाय गाडी निघत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही वाटांनी चोर आत आला तरी पुढे अडकतो. बसवून साधारण 400 ते 500 पौंड पडतात. स्वस्तात कोणी करून देतो म्हणाला तर तो यंत्र कुठे लपवतो ते बघा. सगळ्या गाड्यांना एकाच ठिकाणी, डॅशबोर्डखाली हात घातला की सापडेल असं बसवणारे आहेत, आणि चोरांनाही ती जागा पाठ असते. तार गाडीच्या मूळ तारांसारखीच गुंडाळलेली हवी. चांगला फिटर ती जागा तुम्हालाही मोघमच सांगतो. पिनचा क्रम शेजाऱ्यासमोर दाबून दाखवू नका. सर्व्हिसला देताना पिन सांगायची नाही, सर्व्हिस मोड लावायचा, त्यात पिन न दाबताही गाडी चालते.

याच्या जोडीला स्टिअरिंगचं कुलूप. लोक याला जुनाट म्हणून नाक मुरडतात, मला मात्र ते फार मोलाचं वाटतं. पूर्ण चाक झाकणारं डिस्कलॉक घ्या, नुसता दांडा नको. दांडा असला तर चोर स्टिअरिंगचं चाकच कापून तो काढून टाकतो. डिस्कलॉक चाकाची सगळी कड झाकतं आणि ओढलं की नुसतं गरगर फिरतं, जोर लावायला जागा मिळत नाही. ते तीन मापांत येतं आणि स्पोर्ट्स कारचं चाक लहान असतं, तेव्हा आधी टेप घेऊन बाहेरचा व्यास मोजा. ते काचेतून दिसतं, हा त्याचा मोठा गुण. चोर टॉर्च मारून आत डोकावतो, कापायला ग्राइंडरचा आवाज करावा लागणार हे त्याला कळतं, आणि बहुतेकदा तो पुढच्या गल्लीत जातो. घोस्ट आहे हे त्याला आत शिरल्यावरच कळतं, तोवर तुमची काच किंवा बंपर गेलेला असतो.

ट्रॅकर घ्यायचा तर थॅचमच्या (गाड्यांची सुरक्षा तपासून वर्ग ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या) एस5 वर्गातला घ्या. त्यात तुमच्याजवळ एक छोटा टॅग असतो. टॅगशिवाय गाडी हलली की चोवीस तास चालणाऱ्या नियंत्रण कक्षाला कळतं, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून गाडी पुन्हा सुरू होणार नाही अशी व्यवस्था तिथूनच करता येते. एस7 मध्ये टॅग नसतो, त्यामुळे गाडी गेल्याचं बऱ्याचदा तुम्हीच सकाळी उठून कळवता, तोवर चारपाच तास निघून गेलेले असतात. टॅग गाडीच्या किल्लीच्या रिंगमध्ये अडकवू नका, गाडीत तर अजिबात ठेवू नका. चोर जीपीएस जॅमर वापरतात, म्हणून व्हीएचएफ रेडिओवरही चालणारा ट्रॅकर असेल तर उत्तम. बंद कंटेनरमधूनही त्याचा माग लागू शकतो. एअरटॅग (ॲपलचं वस्तू शोधायचं छोटं यंत्र) लपवायचा असेल तर लपवा, पण त्यावर विसंबू नका. अनोळखी एअरटॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याच फोनवर जाते. चोरलेली गाडी सहसा लगेच गॅरेजात जात नाही. जवळपासच्या एखाद्या शांत रस्त्यावर एकदोन दिवस उभी करून ठेवतात, मागावर कोणी येतंय का ते बघायला. गाडी परत मिळण्याची खरी संधी त्या काळात असते. ठिकाण कळलं तरी स्वतः जाऊ नका. नियंत्रण कक्षाला आणि पोलिसांना कळवा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी नीट बंदिस्त केली की काही चोर किल्लीसाठी घरात शिरतात. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे त्यांना ठाऊक आहे, दिवाळीच्या दिवसांत इथले पोलीस दरवर्षी तसा इशारा देतात. सोनं आणि किल्ली एकाच फेरीत मिळणार असेल तर तुमचं घर दुप्पट ओढीचं ठरतं. नव्या गाडीला हार घालून घरासमोर काढलेला फोटो, नंबरप्लेट आणि घराच्या नंबरासकट, सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. टाकला असेल तर आजच काढा. किल्ली उशाशी घेऊन झोपू नका, ती खाली ठेवा, बाहेरून दिसणार नाही आणि टपालाच्या फटीतून हात पोचणार नाही अशा जागी. आणि कोणी समोर उभा राहून मागितलीच तर देऊन टाका. घरात आई-वडील, मुलं असतील तर त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. घोस्टची पिन न दाबता गाडी निघणार नाही, पण त्या वेळी पिनसाठी धमकावलं तर पिनही द्या. गाडीचा विमा असतो.

विम्याबद्दल थोडक्यात: घोस्ट, ट्रॅकर, बदललेला एक्झॉस्ट, सगळं कंपनीला लेखी कळवा. ट्रॅकरची वर्गणी संपू देऊ नका. पॉलिसीत ट्रॅकरची अट असेल आणि चोरीच्या दिवशी तो बंद असेल तर दावा अडतो. दाव्याच्या वेळी गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागतात, इथेही आणि भारतातही.

कायदा आता सावरतोय. हे स्पीकरछाप यंत्र कोणाकडे सापडलं तरी ते अमुक चोरीत वापरलं हे सिद्ध करावं लागत होतं. ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये मांडलेल्या विधेयकात असं यंत्र जवळ बाळगणं, विकणं हाच गुन्हा ठरवला, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करून. हे फार आधी व्हायला हवं होतं.

गाडी वापरलेली आहे म्हणून या सगळ्याच्या आधी एक काम करा. विकणाऱ्याने दोन्ही किल्ल्या दिल्या का ते बघा, आणि दिल्या असल्या तरी टोयोटाच्या डीलरकडे जाऊन गाडीच्या मेमरीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते तपासून घ्या. तुमच्या हातातल्या किल्ल्यांपेक्षा आकडा एकानेही जास्त निघाला तर ती जास्तीची नोंद तिथेच पुसायला लावा. त्यासाठी दोन्ही किल्ल्या आणि गाडीची व्ही5सी (नोंदणीचं कागदपत्र) सोबत न्या.