पळालेला माणूस दलदलीतच का शिरतो?

अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांतल्या कथा-कादंबऱ्यांत पळालेला माणूस हमखास दलदलीतच का शिरतो, हा नुसता गूढ वातावरणाचा सोस आहे का, असं तुम्ही विचारलंत. मला तसं वाटत नाही. लेखकांच्या कितीतरी आधी खरीखुरी माणसं तिथे जाऊन राहिली होती.

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट डिस्मल स्वॉम्पमध्ये मळ्यांवरून पळालेले गुलाम थेट अमेरिकेतल्या यादवी युद्धापर्यंत (१८६१–६५) राहत होते. आत पाण्याच्या वर राहणारे कोरडे उंचवटे आहेत, त्यांवर त्यांची वस्ती असे. तिथे लाकूडतोडीला जुंपलेल्या गुलामांशी त्यांची चोरून देवघेवही चाले. अमेरिकन लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘ड्रेड’ (१८५६) या कादंबरीचा बंडखोर नायक याच दलदलीत दडतो. पण स्टोबाईंनी ती दुरून रंगवली आहे, ते जाणवतं.

म्हणून आधी सॉलोमन नॉर्थप वाचा, पळवून नेऊन गुलाम म्हणून विकलेला हा मुक्त कृष्णवर्णीय माणूस. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (१८५३) ही त्यांची आत्मकथा आहे, कादंबरी नव्हे. लुइझियानात मालक कुऱ्हाड घेऊन अंगावर आल्यावर ते पळाले. मागे माग काढणारी कुत्री. पाण्यात वास तुटतो, पण गुलामांना पोहायला शिकूच देत नसत. नॉर्थप गुलाम नसलेल्या, मुक्त कुटुंबात वाढले होते, त्यांना पोहता येत होतं, म्हणून वाचले. मग रात्रभर सापसुसरींमधून चालत राहिले. हे वाचल्यापासून मला दलदल नुसती पार्श्वभूमी वाटूच शकत नाही.

गुलामीतून पळालेल्या हॅरिएट जेकब्ज यांनी तर आपल्या आत्मकथेत सापांनी भरलेल्या दलदलीत लपून बसल्याचं सांगताना लिहिलंय की ते विषारी सापही त्यांना गावातल्या ‘सुसंस्कृत’ गोऱ्यांपेक्षा कमी भयंकर वाटले.

दक्षिणेतलाच कादंबरीकार विल्यम फॉकनर याची ‘रेड लीव्ह्ज’ (१९३०) ही कथा त्यानंतर घ्या. चिकसॉ या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार मरतो आणि त्याच्याबरोबर पुरायचा म्हणून त्याच्या गुलाम सेवकाला शोधतात. इथे पाठलाग करणाऱ्यांना घाईच नाही. तो जाऊन जाऊन जाणार कुठे, हे त्यांना ठाऊक आहे. दलदलीत साप चावतो तेव्हा तो सापाला ‘आजोबा’ म्हणतो, आणि तेव्हाच त्याला कळतं की आपल्याला मरायचं नाही. शेवटी पकडून आणल्यावर त्याला पाणी देतात. तो पिऊ पाहतो, पण घोट घशाखाली उतरत नाही, हनुवटीवरून ओघळतो.