इस्रायल-पॅलेस्टाईन शांततेसाठी नॉर्वेने नेमकं काय केलं?

सगळ्यात मोठं काम म्हणजे गुप्त बोलणी जुळवून आणली. जानेवारी १९९३ मध्ये नॉर्वेतल्या सार्प्सबोर्ग शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात पहिली फेरी झाली. पत्रकार नाहीत, कॅमेरे नाहीत. दोन्हीकडची माणसं एकाच छताखाली राहून बोलत होती. जुळवणी नॉर्वेचे संशोधक टेर्ये रॉड-लार्सन यांची. पुढे परराष्ट्रमंत्री योहान होल्स्ट स्वतः त्यात उतरले. याच बोलण्यांतून निघालेल्या ऑस्लो शांतता करारावर १३ सप्टेंबरला सह्या मात्र वॉशिंग्टनमध्ये झाल्या, म्हणून श्रेय अमेरिकेला जातं. मला ते अन्यायाचं वाटतं.

नंतर पॅलेस्टिनींना मदत देणाऱ्या देशांच्या समितीचं अध्यक्षपद नॉर्वेनेच सांभाळलं. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरातल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथकाचं नेतृत्वही त्यांच्याकडे होतं. २०१९ मध्ये इस्रायलने मुदतवाढ नाकारली. २८ मे २०२४ रोजी आयर्लंड आणि स्पेनसोबत नॉर्वेने पॅलेस्टाईनला मान्यता दिली.