वाढवली म्हणजे संपवली

चिमणे,

शनिवारी सकाळी आजीचा फोन स्पीकरवर होता आणि तू टोस्टला लोणी लावत ऐकत होतीस. आजी म्हणाली, "वाढवली बाई एकदाची त्यांनी ती मालिका. सुटले मी." आणि लगेच नाक ओढलं. नंतर तू मला विचारलंस, "वाढवली म्हणजे मोठी केली ना? मग तिला अजून बघायला मिळेल की. आणि सुटले म्हणाली, तर रडत का होती?" पोहण्याच्या क्लासला उशीर होत होता म्हणून मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. आज नीट लिहिते.

आधी तो शब्द. तू म्हणतेस ते बरोबरच आहे, वाढवणं म्हणजे मोठं करणं. पण आपल्याकडे काही गोष्टी संपल्या, फुटल्या, तुटल्या असं तोंडाने म्हणायचं नसतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आजीची काचेची बांगडी पिचली की ती "बांगडी वाढवली" म्हणते. देवापुढचं निरांजन विझत नाही, शांत होतं. आणि दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. रात्री शटर ओढताना "दुकान बंद केलं" म्हटलं तर ते कायमचंच बंद झाल्यासारखं वाटतं, म्हणून. निघताना मी आजीला "जाते" म्हटलं की ती अजून दटावते, "येते म्हण." तशातलंच हे.

मालिकेला मात्र हा शब्द दोन्ही अर्थांनी लागतो. आधी ती वाढवली, वाढवली, आणि मग वाढवली. आजीने तो मुद्दामच वापरला असणार. तशी ती खवचट आहे.

आता रडण्याचं. त्यासाठी आजोबांच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल. तू ते पाहिलंस तेव्हा दोन वर्षांची होतीस, तांब्याच्या घंगाळात बसून फोटो काढलाय तुझा. नाशिकच्या भांडी बाजारात, सराफ बाजाराला लागून, अकरा फूट रुंदीचं दुकान. आजोबा गल्ल्यावर बसायचे, वजन करायचे, जुनी पितळ मोडीत घ्यायचे. आणि आत, मागच्या बाजूला, आजी भांड्यांवर नावं घालायची. तुझ्या दुधाच्या पेल्यावर तुझं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय ना, ते तिचंच अक्षर. टोचणीसारखं एक विजेचं यंत्र असतं, किर्रर्र करत चालतं, हाताला तासभर मुंग्या येतात. लग्नसराईत ती दिवसाला दीडदोनशे भांडी करायची. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट'. शिवाय रात्री कीर्दखतावणी, म्हणजे दुकानाच्या हिशेबाच्या वह्या, तिच्याकडेच. आणि माझ्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात आजोबा लिहायचे: गृहिणी. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ती? ती कुठे काय करते, घरीच असते."

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पूर मोजतात. तेव्हा मारुती अख्खा बुडाला आणि बाजारात पाणी शिरलं. भांड्यांना पुराने फारसं काही होत नाही, चिखल धुतला की झालं. पण आजोबांचे गुडघे गेले होते, मामाला दुकानात यायचं नव्हतं. गणपतीनंतर एका संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "चला, दुकान वाढवलं." या वेळी ते खरंच संपलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टार प्रवाहवर एक मालिका सुरू झाली. नाव होतं 'आई कुठे काय करते'.

आता तुला कळेल, आजी पहिल्याच दिवशी का चिकटली. त्यातली अरुंधती घरासाठी राबते, आणि तिच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसमधल्या संजनावर प्रेम असतं. (यापुढचं तू मोठी झाल्यावर.) मूळ गोष्ट बंगाली मालिकेतली, हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. म्हणजे 'कुठे काय करते' म्हणणारी माणसं काही एकट्या नाशकात नव्हती.

रोज साडेसातला लागायची. दुकान वाढवून आजोबा पूर्वी घरी यायचे तीच वेळ. आजी ताट वाढून टीव्हीसमोर बसायची (हे वाढणं तिसरंच, पानात घालण्याचं, मराठीची हौस तुलाच आहे, भोग आता). आजोबा तोंडासमोर पेपर धरायचे. मी मालिका बघत नाही, असं ते पाच वर्षं सांगत आले. पण अनिरुद्ध काही बोलला की पेपरामागून "नालायक" ऐकू यायचं. अरुंधतीने घटस्फोट घेऊन घर सोडलं त्या रात्री आजोबांनी, आजी सांगते त्याप्रमाणे, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं. आजी काहीच बोलली नाही. मला मात्र लगेच फोन केला.

आणि माझं सांगायचं तर, मीही बघायचे. इथे परदेशात बसून मोबाइलवर, कपड्यांच्या घड्या घालताना. आजी आणि मी आधी फोनवर काय बोलायचो? जेवलीस का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे. ती स्वतःबद्दल कधीच बोलायची नाही. अरुंधती आली आणि ती बोलायला लागली, पण तिच्या नावाने. "अरुंधतीला गाणं सोडायला लावलं ना, मला फार लागलं ते." मग जरा थांबून, "मलाही शिवणाच्या डिप्लोमाला जायचं होतं." चाळीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

म्हणून ती रडली.

आणि सुटले का म्हणाली, तर मालिका खरंच बिघडली होती. अगं, आठवड्याला सहा भाग, पाच वर्षं! इतकं घडायला एवढ्या माणसांच्या आयुष्यात असतं तरी काय? मग कुणाला अपघात, कुणाचं दुसरं लग्न, कुणी घरातून हाकललं, कुणी परत आलं. अरुंधतीने आशुतोषशी नवा संसार मांडला तेव्हा आजीने शेजारी पेढे वाटले होते. खरंच वाटले. आणि २०२४ मध्ये लेखकांनी त्या आशुतोषलाच मारलं. आजी इतकी भडकली की तिने आठवडाभर टीव्ही लावला नाही. "इतक्या मुश्किलीने बाईला उभी केली आणि परत रिकामं कपाळ? हे काय लिहिणं झालं?" मला तिचा राग पटला होता. आठव्या दिवशी तिने टीव्ही लावला, "बघू तरी कशी सावरतेय," म्हणत.

त्यात मार्चमध्ये साडेसातची वेळ नव्या मालिकेला दिली आणि हिला दुपारी अडीचला ढकललं. साडेसात ही माजघरातली जागा. अडीच म्हणजे परसदार. तिथे पाठवलेली मालिका परत आत येत नाही, आजीला ते तेव्हाच कळलं होतं. गंमत अशी की अडीच ही आजोबांची वामकुक्षीची वेळ. ती त्यांनी सोडली. मालिका न बघणाऱ्या माणसाने.

नोव्हेंबरअखेर शेवटचा भाग झाला. मलाही सांगू का, हायसं वाटलं. घड्या घालताना मी अलीकडे निम्मं पुढे ढकलतच होते. आणि तरी रविवारी मोबाइल हातात घेतला, तर बोट आपोआप तिथेच गेलं.

आजीला आता तू फोनवर "दुसरी मालिका बघ ना" असं म्हणू नकोस. नव्या घरात इतक्यात बसवत नाही तिला. बघेल महिन्याभराने, मी ओळखते तिला.

उद्या सकाळी नऊला तिचा फोन येईल, म्हणजे तिकडे अडीच. हल्ली रोज त्याच वेळेला येतो. तूच घे. आणि आधी आजोबा झोपलेत का ते विचार, कारण काल ती सांगत होती, डोळे मिटून पडतात, पण घोरत नाहीत.

तुझी,
आई